गोतीलाबाईंच्या शोधात

जगात नसलेल्या एका बाईला शोधायला मी सोलापूरभर फिरले आणि संध्याकाळी पाचच्या आत ती मला सापडली. ज्यांनी सोलापूर पाहिलंय त्यांना वाटेल, यात काय मोठा प्रवास? कुर्डुवाडीहून तासा-दीड तासाची गाडी, तिथून पुढं मंद्रूपची एसटी. पण मी ज्या मुलखात जाऊन आले तिथं आमच्या घराण्यातलं कुणीच आजवर गेलं नव्हतं. त्या मुलखाचं नाव कॉलेजचं ऑफिस. तिथली भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या आणि वेशीवर काचेची खिडकी.

कुर्डुवाडी

स्टेशनाबाहेर माझी खानावळ आहे. येणाऱ्याला मी दोनच प्रश्न विचारते, भाकरी की चपाती आणि गाडी कितीची. जंक्शनच्या गावात माणसाची अक्कल वेळापत्रकावर चालते. आमच्याकडं लग्नाची पत्रिका हातात आली तरी लोक मुहूर्त वाचून विचारतात, "लेट किती धावतोय?"

तर एका दुपारी आमटीला फोडणी घालत असताना फोन वाजला. माझी भाची, भाग्यश्री. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी.

"मावशी, यादीत नाव लागलं माजं. परवा पाचपर्यंत कागद दाखवायचे हैत. तू येतीस का?"

"अगं, मला कॉलेजातलं काय कळतंय? मी बारावीला बसले ती बसूनच राहिले."

"कळू दे न्हायतर न कळू दे. तू बोलतीस की."

इतक्या थोडक्यात माझ्या गुणांची पारख आजवर कुणी केली नव्हती. मी खानावळ जाऊबाईच्या हवाली केली, ठेवणीतली जांभळी इरकल काढली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसले.

मंद्रूप

माझं माहेर आणि अक्काचं सासर, दोन्ही या दक्षिण भागातलं. इथं माणसं मराठीत भांडतात आणि कानडीत समेट करतात. दारात पाऊल टाकलं की कुणीतरी "बर्री, बर्री" म्हणून आत ओढतं, आणि पाठोपाठ "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारतं. झालं म्हणालात तरी ताट येतंच. माझ्या खानावळीत ही पद्धत सुरू केली तर आठ दिवसांत कुलूप लागेल.

अक्कानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही वाढलं. ही भाकरी पापडासारखी मोडते आणि मोडताना एवढा आवाज करते की घरात दुसरं कुणी बोलत असेल तर थांबावं लागतं. आमच्या दाजींना मात्र त्याचा काही त्रास नाही. त्यांनी वीस-बावीस वर्षं यंत्रमागावर काढली आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. कान गेले, मग कामही गेलं. ते आता दोन शेळ्या सांभाळतात. अक्का रोज पहाटे बायकांच्या टमटममधून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जाते. भाग्या बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली त्याच महिन्यात दाजींचं काम सुटलं, म्हणून तीही आईच्या शेजारच्या मशीनवर जाऊन बसली. एका वर्षासाठी बसली होती. दोन झाली.

"काय शिकनार म्हने ही?" दाजींनी मला विचारलं.

"संख्याशास्त्र!" मी फलाटावरच्या आवाजात सांगितलं.

"शंकराचं शास्त्र? चांगलं हाय की. घरात द्येवाधर्माचं कुनीतरी पायजेच."

"संख्या हो दाजी, संख्या!"

"कुनाची सखू?"

भाग्यानं कपाळाला हात लावला. संख्याशास्त्र म्हणजे काय, हे खरं तर मलाही कळलेलं नव्हतं. तिनं एक वही आणून दाखवली. शेडमधल्या कुठल्या मागावर किती टॉवेल खराब निघतात ते तिनं दोन वर्षं रोज मांडून ठेवलं होतं, वर रेघारेघांची चित्रं.

"हे बघ मावशी. सात नंबरचा माग सोमवारीच बिघडतो."

"का गं?"

"मागाला काय झालेलं न्हाय. त्यो चालवनारा रविवारी सासुरवाडीला जातो. जागरन करून येतो."

मी ती वही दोन्ही हातांत धरून पाहत राहिले. नवऱ्यांच्या जागरणांवर नजर ठेवणारं शास्त्र विद्यापीठात शिकवतात हे मला वेळेत समजलं असतं, तर मीसुद्धा बारावीतून उठले असते!

अक्का दुसऱ्या दिवशी पहाटेच कामावर निघाली. टॉवेलांची मोठी खेप संध्याकाळी बाहेर पडायची होती, त्यामुळं रजा नव्हती. जाताना तिनं आमची भाकरी आणि चटणी शेडमधल्या एका नापास टॉवेलात बांधून ठेवली. "मी काय करनार तितं येऊन? मला एक अक्षर वाचता येतंय व्हय?" म्हणाली आणि भाग्याच्या गालावरून हात फिरवून पळाली. निघायच्या गडबडीत मी शहाणपणा केला. दोन दोन ओझी कशाला, म्हणून कागदांची फाईल त्याच टॉवेलात खुपसली. हा शहाणपणा लक्षात ठेवा.

एसटीच्या थांब्यापर्यंत दाजी सोबत आले आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत राहिले, "पोरगी शंकराचं शास्त्र शिकायला चाललीय!" दोघा म्हाताऱ्यांनी भाग्याला नमस्कार केला.

सोलापूर, खिडकी क्रमांक तीन

कॉलेजचं नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. दारातून आत शिरताना भाग्यानं चपला काढल्या. मीही काढल्या. समोरून एक मुलगी बूट घालून खटखट निघून गेली तेव्हा आम्ही दोघींनी, काही झालंच नाही असं दाखवत, पुन्हा घातल्या.

रांग हलता हलता दुपारचे साडेतीन वाजले. खिडकीमागं चौधरीसर नावाचा तरुण कारकून होता, जळगावकडचा, नुकताच सोलापुरात नोकरीला लागलेला. शिक्का मारण्याचा त्याचा वेग पाहून मला माझ्या भाकऱ्या थापण्याची आठवण झाली. आमच्या पुढच्या मुलाचे सगळे कागद त्यानं मिनिटात उरकले. आमची फाईल उघडली आणि त्याचा हात थांबला.

बारावीच्या गुणपत्रिकेवर बरोबर मधोमध शेंगाच्या चटणीचं तेल उतरलं होतं. लालबुंद, सोलापूर जिल्ह्याच्या नकाशाएवढा डाग.

"हे काय आहे?"

"चटणी," मी म्हणाले. "घरची आहे. खाऊन बघता?"

त्यानं कागद उजेडाकडं धरला आणि डागाखालचं एकेक अक्षर वाचू लागला. डाग नसता तर त्यानं ते वाचलंही नसतं, याबद्दल मी आजही स्वतःला माफ करत नाही.

"आईचं नाव?"

"महादेवी," भाग्या म्हणाली.

"इथं इंग्रजीत 'गोतीला' छापलंय. बाकी सरकारी दाखल्यांवर महादेवी. गोतीला कोण?"

भाग्या पुटपुटली, "ते माज्या शाळेच्या कागदावर पयल्यापासनं तसंच हाय. मला वाटलं, लग्नात नाव बदलतात की, तसलं कायतरी असंल."

मी पुढं वाकून ते नाव पाहिलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, आणि मला असं हसू फुटलं की रांगेतल्या शेवटच्या माणसानं मान वर केली.

"आजी, हसायला काय झालं?"

"आधी मावशी म्हणा, मग सांगते."

"मावशी, काय झालं?"

"अहो, हे नाव नाही. हे कानडी आहे. गोत्तिल्ला!"

"म्हणजे काय?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, मग हसता कशाला?"

"मला माहीत आहे. त्याचा अर्थ, माहीत नाही."

"अर्थ माहीत नाही, पण तुम्हाला माहीत आहे?"

"अर्थच माहीत नाही आहे!"

"मावशी," चौधरीसर शांतपणे म्हणाले, "ज्याला माहीत असेल त्याला बोलवा."

तेवढ्यात चहा घेऊन येणारा म्हातारा शिपाई हसू आवरेना म्हणून ट्रे खाली ठेवून भिंतीला टेकला. तो अक्कलकोटकडचा, कानडी जाणणारा निघाला.

"सायेब, गोत्तिल्ला म्हंजे म्हाईत न्हाय."

"तुम्हालाही नाही?" चौधरीसर म्हणाले.

शेवटी मी कागद मागून घेतला आणि लिहून दाखवलं, कानडीत 'गोत्तिल्ला' म्हणजे मराठीत 'मला माहीत नाही'. भाग्याला पहिलीत घालायला तिचे आजोबा, म्हणजे अक्काचे सासरे, गेले असणार. गुरुजी बाहेरून बदलून आलेले, त्यांना कानडी येत नसणार. मुलीचं नाव, बापाचं नाव झालं. आईचं नाव काय, म्हणून विचारलं असणार. सुनेला घरात सगळे "सोसी" म्हणजे सूनबाई म्हणूनच हाक मारत. म्हाताऱ्यानं डोकं खाजवून खरं ते सांगितलं असणार, "गोत्तिल्ला." आणि गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, गोतीला.

चौधरीसरांना कळलं तेव्हा तेही हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग चष्मा परत घातला आणि पुन्हा कारकून झाले.

"पण मावशी, मला हे असं घेता येणार नाही. आईनं स्वतः आधार कार्ड घेऊन यायला हवं. दोन्ही नावांची बाई एकच, असं लिहून द्यायचं. पाचला यादी बंद होते. मग ही जागा पुढच्या नावाला जाते. मी थांबवू शकत नाही."

भाग्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. रडली नाही. टॉवेलाची गाठ सोडत आणि बांधत राहिली.

"मावशी, यंदा न्हाय झालं तर मी परत मशीनवर बसते. आनि मला म्हाईत हाय, परत उठनार न्हाय मी."

मी बोलणं सोडलं आणि मोबाईल काढला. अक्काला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या खडखडाटात फोन कुणाला ऐकू येणार? मी भाग्याचा दंड धरून तिला उठवलं आणि रस्त्यावर येऊन पहिल्या रिक्षासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

अक्कलकोट रोड

"पाच बजे तक वापस? फिकर नक्को करो आपा, बैठो," रिक्षावाला म्हणाला. पुढची वीस मिनिटं मी डोळे मिटून होते, त्यामुळं या भागातल्या निसर्गाचं वर्णन करता येणार नाही.

फाटकावर वॉचमन होता.

"महादेवी? अशी कोन न्हाय हितं."

"मंद्रूपची आहे."

"मंद्रूपच्या अकरा हैत."

"टॉवेलच्या कडा शिवते."

"समद्याच शिवतात की वो बाई."

वॉचमननं भाग्याला ओळखलं, म्हणून आत सोडलं. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला दाजींच्या कानांचं सगळं समजलं. तो आवाज कानात येत नाही, छातीत येतो. एका बाजूला माग, पलीकडं शिलाईच्या मशीनची लांबच लांब ओळ, हवेत कापसाची बारीक म्हातारी उडत होती. मी दम भरून "अक्काऽऽऽ" अशी हाक मारली. ही माझी हाक कुर्डुवाडीत दोन नंबर फलाटावरून पाच नंबरवर पोचते. इथं ती माझी मलासुद्धा ऐकू आली नाही.

भाग्यानं मला बाजूला सारलं. हात उंच केला आणि दोनदा स्वतःच्या कानावर ठेवला. जवळच्या बाईनं ते पाहिलं आणि तिनंही मागं वळून कानावर हात ठेवला. तिच्या मागचीनं ठेवला, तिच्या मागचीनं. ओळीच्या टोकापर्यंत बायका एकामागून एक कानाला हात लावत गेल्या आणि टोकाच्या मशीनवरून माझी बहीण उठून उभी राहिली. इथं बोललेलं ऐकू येत नाही म्हणून प्रत्येकीला एक खूण आहे. अक्काची खूण कान. बहिऱ्याची बायको.

ती धावतच बाहेर आली. केसांत, भुवयांत पांढरा कापूस. "काय झालं? तुज्या दाजीला काय झालं काय?"

"दाजी ठणठणीत आहेत. अक्का, तुझं नाव काय?"

"याड लागलं काय गं, शारदी?"

मी सगळं सांगितलं. अक्का टॉवेलांच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. मग खांदे हलायला लागले, आणि दोन्ही हातांत तोंड धरून ती अशी हसली की कापूस झडून पडला.

"मामंजीनला खरंच म्हाईत नव्हतं गं. लई गरीब मानूस. आयुष्यभर 'ए सोसी' म्हनले." तिनं डोळे पुसले. "म्हंजे इतकी वर्सं मी कागदावर म्हाईत न्हाय व्हय?"

"आणि पाचपर्यंत माहीत झाली नाहीस तर भाग्याची जागा जाते. चल."

"ह्या अवतारात? कॉलेजात? आनि माजा गठ्ठा कोन शिवनार? पाचला गाडी लागतीया."

मागं तीन-चार जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एका जाडजूड बाईनं अक्काच्या मशीनवरचा गठ्ठा उचलून स्वतःच्या मशीनवर टाकला. "तुजं आमी बघतो. जा की! पोरगी काय रोज रोज कॉलेजात जाती व्हय?"

रिक्षात अक्का मधे बसली. फाटकावर दाखवावं लागतं म्हणून आधार कार्ड तिच्या पिशवीत कायमच असायचं. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "शारदी, 'ह' चा काना कुटल्या बाजूला असतो गं?"

"उजव्या."

मी सात वर्षांची असताना मला शाळा-शाळा खेळायला विद्यार्थी हवा होता. अक्का शाळेत जात नव्हती. ती घरी राहून भाकऱ्या थापायची म्हणून मी शाळेत जायची. तेव्हा मी गुरुजींचा आवाज काढून, हातात लाटणं घेऊन तिला परातीतल्या पिठात चार अक्षरं शिकवली होती. तेवढाच आमचा अभ्यासक्रम. मला वाटलं होतं ती कधीच विसरली असेल.

पुन्हा खिडकी क्रमांक तीन

पाचला बारा मिनिटं कमी होती. आम्ही तिघी जिन्यावरून पळताना अक्काच्या अंगावरचा कापूस मागं उडत होता. शिपाई वाट बघत दारातच उभा होता. "आल्या! गोत्तिल्ला आल्या!" अशी त्यानं आरोळी ठोकली आणि रांगेनं मुकाट्यानं वाट दिली.

"ह्याच का त्या?" चौधरीसरांनी विचारलं.

"ह्याच. माहीत नाही, हजर."

मी जबाब लिहिला. मी महादेवी, राहणार मंद्रूप, लिहून देते की गोतीला नावाची बाई मीच आहे, दुसरी कुणी नाही. चौधरीसरांनी आधार कार्ड पाहिलं, अक्काच्या तोंडाकडं पाहिलं, आणि सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"अंगठा लावा इथं."

अक्कानं पॅडकडं पाहिलं. दोन बोटांनी तो परत त्यांच्याकडं सरकवला.

"सही करनार."

पेन धरलं ते तिनं सुईसारखं. म काढला. थांबली. ह काढला, उजव्या बाजूला काना दिला आणि माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच हो म्हटलं. मागून कुणीतरी "अहो, पाच वाजतायत" म्हणालं, तसा शिपाई त्याच्याकडं बघून म्हणाला, "वाजू दे की." दे. वी. चारही अक्षरं सुटी सुटी, डोक्यावर रेघ नाही, कागदावर उतारूंसारखी उभी. मग अक्कानं पेन पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टेकवलं आणि एका दमात, कुठं न थांबता, सरळ रेघ ओढत शेवटपर्यंत नेली. टॉवेलची कड शिवावी तशी.

चौधरीसरांनी शिक्का उचलला. नेमका त्याच वेळी अक्काच्या केसांतला कापसाचा एक पुंजका तरंगत गेला आणि त्यांच्या नाकावर बसला. ते जोरात शिंकले. शिक्का जबाबावर न पडता आमच्या भाकरीच्या टॉवेलावर पडला. ठळक, निळा, "पडताळणी केली". दुसरा मात्र जागेवर बसला. भाग्यानं पावती दोन्ही हातांनी घेतली आणि तिथंच उभी राहून तीनदा वाचली.

भाकरी तोवर आम्ही खाल्लीच नव्हती. ती शिपाई, चौधरीसर आणि आम्ही तिघींनी जिन्यावर बसून खाल्ली. सरकारी पद्धतीनं तपासलेली कडक भाकरी मी प्रथमच खात होते. चौधरीसरांना चटणी झोंबली, पण त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

मंद्रूपची एसटी

परतताना अक्काला खिडकीची जागा मिळाली. कापूस अजून केसांत होता, पण ती तो झटकत नव्हती. पलीकडच्या सीटवर मांडीवर टोपली घेतलेली एक बाई होती. आम्हा तिघींचे चेहरे पाहून तिला राहवेना.

"कुटं गेलतासा गं?"

"कालेजात," अक्का म्हणाली, जणू रोज जाते. "पोरीचं नाव लागलं."

"व्हय? काय शिकनार म्हने?"

भाग्यानं तोंड उघडलं. संख्याशास्त्र, माग, सोमवार हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. अक्कानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गोत्तिल्ला!"

ती बाई बघतच राहिली. अक्कानं भाग्याकडं बोट केलं.

"मला न्हाय म्हाईत. तिला म्हाईत हाय."